खिशातली साखर



गेल्या महिन्यात आपल्या कार्यक्रमाच्या फोनवर एका ताईंचा निरोप आला. त्यांच्या बचत गटातल्या एकीची मुलगी सहावीत शिकते. तिला लहानपणापासून मधुमेह आहे, रोज इन्सुलिन टोचून घेते. एक दिवस कवायत झाल्यावर ती घामाघूम झाली. हात थरथरायला लागले, बोलताना शब्द अडखळायला लागले. तिला आईनं शिकवलेलं होतं, म्हणून तिनं दप्तरातून साखरेची पुडी काढली. तेवढ्यात शेजारच्या वर्गाच्या बाईंनी ती पुडी हातातून काढून घेतली. "अगं, तुला शुगर आहे ना? मग साखर कसली खातेस?" पाच-सात मिनिटांत पोर खाली पडली, झटके आले. आरोग्य केंद्र रस्त्यापलीकडेच होतं, तिथं शिरेतून ग्लुकोज मिळालं, म्हणून वाचली.

पण गोष्ट इथं संपली नाही. आईच्या मनात आता अशी भीती बसली आहे, की ती डॉक्टरांना न सांगता इन्सुलिनच कमी टोचते. ताईंनी विचारलं, यात चूक कोणाची, आणि आता करायचं काय?

चूक कोणाची ते ठरवायला मी बसलेली नाही. त्या बाईंनी आयुष्यभर जे ऐकलं तेच केलं. आपल्याकडे शुगर म्हटलं की सासऱ्यांची शुगर डोळ्यांपुढे येते: चहा बिनसाखरेचा, लाडू वर्ज्य, सकाळी फेरफटका. लहान मुलांचा मधुमेह निराळा. त्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावंच लागतं. आणि बाहेरून दिलेलं इन्सुलिन पोटात काय गेलंय, पोरगी किती धावलीय, याचा विचार करत नाही. ते आपलं साखर खाली ओढत राहतं. म्हणून या मुलांना कधी कधी साखर हेच औषध लागतं. हे माणसाला कळलं त्याला शंभर वर्षं झाली. कसं कळलं, त्याचीच गोष्ट आज सांगते. ती ऐकली की आईनं काय करायचं हेही आपोआप उमगेल.

गोष्ट आहे दूर कॅनडातल्या टोरांटो शहराची. पण त्याआधी दोन शब्द त्याच्याही आधीच्या काळाबद्दल.

१९२२ पूर्वी मुलाला मधुमेह झाला की घरात रडारड सुरू व्हायची. मूल खायचं, तरी वाळत जायचं. ढसाढसा पाणी प्यायचं, रात्रभर लघवीला उठायचं, आणि बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत जायचं. डॉक्टरांकडे एकच उपाय होता, उपासमार. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन नावाचे डॉक्टर होते, त्यांचा हा उपचार प्रसिद्ध होता. भाज्या तीन-तीनदा उकळायच्या, पाणी फेकायचं, म्हणजे त्यातला गोडवा निघून जाईल, आणि उरलेला चोथा पोराला द्यायचा. अशानं मूल थोडं जास्त दिवस जगायचं, पण हाडांचा सापळा होऊन. एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी होती, वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री. घरी कशाची कमी नव्हती. १९१९ मध्ये, अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला. तीन वर्षं ती या उपासमारीवर तग धरून राहिली. १९२२ च्या ऑगस्टमध्ये आई तिला टोरांटोला घेऊन गेली, तेव्हा पंधरावं लागायला आलेल्या त्या मुलीचं वजन होतं वीस किलोच्या आसपास. आपल्याकडे पहिली-दुसरीतल्या पोरीचं असतं तेवढं.

ॲलनना कोणी क्रूर म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्यांच्या हातात दुसरं काही नव्हतं, आणि त्यांच्या उपासमारीनं जी थोडी मुलं तग धरून राहिली, त्यांनाच पुढे इन्सुलिन मिळालं. एलिझाबेथ त्यातलीच.

आता टोरांटो. १९२१ च्या उन्हाळ्यात तिथल्या विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग नावाचे तरुण सर्जन आणि चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी कुत्र्यांवर प्रयोग करत होते. प्रयोगशाळा प्राध्यापक मॅक्लाउड यांची. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं, त्यातून काढलेल्या अर्कानं मधुमेही कुत्र्याची साखर उतरते का, हे त्यांना पाहायचं होतं. उतरत होती. पण अर्क कच्चा होता. तो शुद्ध करायला त्यांच्यात जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ सामील झाले.

११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याचं वजन तीस किलोही नव्हतं. उपयोग फारसा झाला नाही, उलट टोचलं तिथं गळू झालं. बारा दिवसांनी, २३ जानेवारीला, कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क टोचला. एका दिवसात रक्तातली साखर ५२० वरून १२० वर आली. पोर उठून बसलं. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला.

मोबाइलवर एक गोष्ट फिरते, की डॉक्टर मोठ्या दालनात शिरले, बेशुद्ध मुलांना एकामागून एक सुई टोचत गेले, आणि शेवटच्या मुलापर्यंत पोचेतो पहिलं जागं झालं. ऐकायला छान वाटते, पण ती सजवलेली गोष्ट आहे. खरं काम असं एका दुपारी झालं नाही. आणि त्या गोष्टीत तो भाग नाहीच, ज्यासाठी मी आज बोलते आहे. तो भाग सशांचा आहे.

कॉलिप आपला अर्क तपासायला धडधाकट ससे वापरत. अर्क टोचायचा आणि सशाच्या रक्तातली साखर किती उतरते ते मोजायचं. काही सशांना अर्क जास्त झाला. ते आधी अस्वस्थ झाले, मग अंग ताठलं, झटके आले, निपचित पडले. पाहणाऱ्याला वाटावं, अर्कात विष आहे. पण त्यांनी साखर मोजली होती. ती फार खाली गेली होती. मग त्यांनी पडलेल्या सशाला ग्लुकोज टोचलं, आणि ससा उठून बसला.

मैत्रिणींनो, त्या शाळेतल्या मुलीचं जे झालं, ते सगळं या सशात आहे. घाबरगुंडी, झटके, बेशुद्धी, आणि साखर मिळताच परत येणं. लिओनार्डसारख्या मुलांच्या अंगात हे औषध नियमित जायला लागलं, त्याच दिवसांत, त्याच प्रयोगशाळेत हेही समजलं होतं, की हे औषध जास्त झालं तर काय होतं आणि त्यावर उतारा काय. औषध आणि उतारा जुळ्या बहिणींसारखे एकत्रच जन्मले. आपण मात्र एकीचं नाव लक्षात ठेवलं आणि दुसरीला विसरलो.

आणखी एक नवल. इन्सुलिनचं माप आपण युनिटमध्ये करतो. दहा युनिट, बारा युनिट. हे युनिट आलं कुठून? सशाकडूनच. उपाशी ठेवलेल्या सशाच्या रक्तातली साखर ४५ पर्यंत, म्हणजे झटके येण्याच्या पातळीपर्यंत, खाली आणायला जेवढा अर्क लागेल, ते एक युनिट, असं टोरांटोत ठरलं. पुढे हे माप माणसांसाठी फार मोठं वाटलं, म्हणून त्याचा तिसरा हिस्सा धरला. म्हणजे सिरिंजवर आपण जी एकेक रेघ मोजतो, ती मुळात साखर किती खाली जाईल याचीच रेघ आहे.

सशांवर पाहिलेलं माणसांत दिसायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी टोरांटोच्याच फ्लेचर आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी रुग्णांवरच्या खुणा लिहून ठेवल्या. साखर उतरायला लागली की आधी एकदम भूक लागते, मग घाम, थरथर, जीव घाबरा होणं. आणखी उतरली की माणूस गोंधळतो, भलतंच बोलतो, शेवटी शुद्ध हरपते. अजूनही पुस्तकांत या खुणा जवळजवळ तशाच आहेत. लहान मुलांच्या बाबतीत मी त्यात आपल्या अनुभवाची भर घालते. मूल उगाच चिडचिड करतं, किरकिर करतं, पांढरं पडतं, अवेळी झोपाळतं, झोपेत ओरडतं. खेड्यात याला काय काय नावं पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरची बाधा झाली, नजर लागली, अंगात आलं, फिट आली. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला असं काही झालं, तर आधी साखर बघायची. मीटर जवळ नसेल तर वाट न बघता साखर द्यायची. बाकीचं काय ते मागून बघता येईल.

सुरुवातीच्या त्या वर्षात हे फार वेळा घडे. कारण इन्सुलिनचा एक घाणा दुसऱ्यासारखा उतरत नसे. आज आलेली बाटली फिकी, उद्या आलेली जहाल. तेवढाच डोस, पण पोर घामानं भिजून निघायचं. म्हणून दवाखान्यात मुलांच्या उशाशी साखर, संत्र्याचा रस असं काही ठेवायची रीत पडली. ज्या रोगात साखर म्हणजे शत्रू, त्या रोग्याच्या उशाशी साखर! नव्यानं पाहणाऱ्या आयांना काय वाटलं असेल? जे तीन वर्षं पोराच्या तोंडापासून लांब ठेवलं, तेच आता हातानं भरवायचं.

एलिझाबेथही त्या दिवसांत टोरांटोत राहिली. वजन वाढलं, उंची वाढली. ती आईला लांबलचक पत्रं लिहायची, ती जपून ठेवलेली आहेत. तिथं नुसती सुई घेऊन भागत नव्हतं. सुई, ताट आणि अंगातली खूण, तिन्हींचा मेळ घालायला तिला शिकावं लागलं. ती १९८१ पर्यंत जगली. लग्न केलं, मुलं झाली. इन्सुलिनवर अठ्ठावन्न वर्षं.

आता हा मेळ घालायला शिकवणार कोण? डॉक्टर दिवसातून एकदा दिसणार. चोवीस तास मुलाजवळ असते ती आई. हे ज्यांनी ओळखलं त्यात बोस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन पहिल्या रांगेत. त्यांनी इन्सुलिनच्या आधीच, १९१८ मध्ये, रुग्णांनी स्वतः वाचावं असं पुस्तक लिहिलं होतं. इन्सुलिन आल्यावर त्यांनी परिचारिकांना तयार करून रुग्णांच्या घरी पाठवलं. घरात राहायचं, स्वयंपाकघरात उभं राहायचं, आईला सुई धरायला, ताट मोजायला, खूण ओळखायला शिकवायचं. आज आपल्या आशाताई घरोघरी फिरतात, तसंच म्हणा. त्यांच्याच दवाखान्यात प्रिसिला व्हाइट या डॉक्टर बाई होत्या. मुलांचा मधुमेह हेच त्यांनी आयुष्याचं काम केलं आणि १९३२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समध्ये मधुमेही मुलींसाठी उन्हाळी शिबिर सुरू झालं. मुलींनी पोहायचं, धावायचं, आणि साखर कशी सांभाळायची ते एकमेकींचं बघून शिकायचं. मला या सगळ्या इतिहासात हे शिबिर फार आवडतं. पोरीला जपायचं म्हणून घरात कोंडायचं नाही, असं त्या बायकांनी तेव्हा ठरवलं.

धावण्यावरून आठवलं. आपल्या मुलीची साखर कवायतीनंतर उतरली, हा योगायोग नाही. लंडनमध्ये आर. डी. लॉरेन्स नावाचे डॉक्टर होते. त्यांना स्वतःलाच ऐन तारुण्यात मधुमेह झाला. इन्सुलिन आलं नव्हतं, आपण जगत नाही असं समजून ते इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात जाऊन राहिले होते. १९२३ मध्ये लंडनहून मित्राची तार गेली, की इन्सुलिन मिळालंय, लागतंय, ताबडतोब ये. ते आले आणि पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षं जगले. १९२६ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की इन्सुलिन घेतल्यावर अंगमेहनत केली तर इन्सुलिनचा जोर वाढतो आणि साखर जास्त झपाट्यानं उतरते. म्हणून खेळाच्या तासाआधी, जत्रेत फिरायच्या आधी, रानात कामाला जायच्या आधी मुलाची साखर बघायची आणि जास्तीचे चार घास पोटात घालायचे. ज्या दिवशी फार दमणूक झाली, त्या रात्रीसुद्धा सावध राहायचं, कारण मेहनतीचा परिणाम कित्येक तास टिकतो.

रात्रीची गोष्ट निराळीच आहे, आणि तिच्यामागेही एक बाई आहे. मारी क्रोग. डेन्मार्कमधल्या डॉक्टर, आणि स्वतः मधुमेही. त्यांचे यजमान ऑगस्ट क्रोग हे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. १९२२ मध्ये दोघं अमेरिकेत गेले होते, तेव्हा मारीबाईंनी टोरांटोच्या औषधाची चौकशी करायला लावली, आणि ते दोघं ते औषध बनवायची परवानगी घेऊनच मायदेशी परतले. तिथं हान्स हॅगेडॉर्न यांनी क्रोग यांच्याबरोबर कारखाना काढला आणि १९३६ मध्ये हळूहळू, बराच वेळ लागू राहणारं इन्सुलिन तयार केलं. दिवसातून तीन-चार सुया टोचायच्या त्या कमी झाल्या. आयांना केवढा आराम! पण जे रात्रभर लागू राहतं ते रात्री साखरही उतरवतं. दिवसा मूल "आई, कसंतरी होतंय" म्हणतं. झोपेत ते सांगू शकत नाही. सकाळी उशी घामानं ओली, डोकं दुखतंय, मूल उठवत नाही, या त्या रात्रीच्या खुणा. म्हणून झोपण्याआधी साखर बघायची सवय हवी. दिवसभर खूप खेळणं झालं असेल, किंवा जेवण कमी गेलं असेल, तर रात्री दोन-तीनच्या सुमारास एकदा उठून बघायची.

बघायची म्हणते आहे, पण कशानं? आज बोटाला टोचून अर्ध्या मिनिटात आकडा दिसतो. मी परिचारिकेचं शिक्षण घेत होते तेव्हा आमच्या हातात स्पिरिटचा दिवा आणि काचेची नळी होती. बेनेडिक्टचं निळं पाणी नळीत पाच मिलिलिटर घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, मग पिवळं, केशरी, विटकरी झालं की खूप. रंगांची ती परीक्षा मला अजून स्वप्नात दिसते. एकदा आमच्या वॉर्डात आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. संध्याकाळी त्याची नळी स्वच्छ निळी. मी खुशीत तक्त्यावर लिहिलं, मुलाच्या पाठीवर थाप दिली. पहाटे तो घामानं थबथबलेला, हाका मारून उठेना. तेव्हा मोठ्या सिस्टरनी मला समजावलं, की निळा रंग फक्त एवढंच सांगतो की लघवीत साखर नाही. रक्तात ती शंभर आहे की चाळीस, हे तो कधीच सांगत नाही. कारण रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. मी ज्याला शाबासकी दिली तो रंग अर्धीच गोष्ट सांगत होता. मुलगा ग्लुकोजवर शुद्धीवर आला. माझा चेहरा पाहून त्याची आईच मला धीर देत होती.

तर जवळजवळ पन्नास वर्षं, सगळ्या जगात, आयांना कमी साखर मोजायचं साधन घरी नव्हतंच. अंगावर हात फिरवायचा, घाम बघायचा, पोराशी बोलून बघायचं. १९७० मध्ये अमेरिकेत रक्ताच्या थेंबावरून साखर सांगणारं यंत्र आलं, पण ते दवाखान्यांसाठी. रिचर्ड बर्नस्टीन नावाचे इंजिनिअर होते, लहानपणापासून मधुमेही. साखर उतरण्यानं त्यांना घरच्यांनाही सोसावं लागेल असे झटके यायचे. त्यांना यंत्र विकत मिळेना, कारण ते डॉक्टर नव्हते. बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर घेतलं. घरच्या घरी दिवसातून चार-पाच वेळा रक्त तपासणारे ते पहिल्या काही माणसांपैकी एक. सत्तरचं दशक संपता संपता ही यंत्रं घरोघरी जायला लागली.

त्यानंतरचा एक मोठा टप्पा १९९३ चा. अमेरिका आणि कॅनडात १४४१ जणांवर दहा वर्षं चाललेला अभ्यास पुरा झाला. त्यात दिसलं, की साखर घट्ट आवरून ठेवली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा पुष्कळ वाचतात. पण त्याच गटात साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट झाले. म्हणजे दोन्ही बाजूंना खड्डे. एका बाजूला सावकाश पोखरणारी जास्त साखर, दुसऱ्या बाजूला मिनिटांत पाडणारी कमी साखर.

आणि म्हणूनच मला त्या आईची काळजी जास्त वाटते. बाईंनी पुडी काढून घेतली ते एकदा घडलं. आई रोज इन्सुलिन कमी करते आहे. या मुलांच्या अंगात इन्सुलिन पुरेसं नसेल तर रक्तात विषारी आम्ल साठतं, उलट्या होतात, धाप लागते, आणि मूल दगावू शकतं. इन्सुलिनच्या आधी मुलं जायची ती यानंच. भीतीनं इन्सुलिन कमी करायचं म्हणजे पोरीला १९२२ च्या मागे नेऊन सोडायचं. माऊली, डोस बदलायचा तर वहीत आकडे लिही, ती वही डॉक्टरांना दाखव, आणि त्यांच्याकडून बदलून घे. पोरीला उलट्या-जुलाब झाले, ती जेवत नाही, तरीही इन्सुलिन मनानं बंद करायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आकड्यांवरून एक फार महत्त्वाचं. इन्सुलिनची ताकद पूर्वी देशोदेशी वेगळी असायची. अमेरिकेनं सत्तरच्या दशकात आणि इंग्लंडनं १९८३ मध्ये सगळीकडे एक मिलिलिटरमध्ये १०० युनिट असं ठरवून टाकलं. आपल्याकडे मात्र ४० युनिटची बाटली अजून सर्रास मिळते आणि १०० युनिटचीही मिळते. दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या, ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० च्या बाटलीतलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजनं भरलं, तर रेघ तीच दिसते पण आत अडीचपट इन्सुलिन जातं. तालुक्याला दुकान बदललं, पाहुण्यांच्या गावी बाटली संपली, अशा वेळी हे होतं. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एक आहे का, हे प्रत्येक वेळी बघा. वाचता येत नसेल तर दुकानदाराकडून वाचून घ्या, लाजू नका.

त्या मुलीचं त्या दिवशी नेमकं काय चुकलं, ते मी ताईंना फोन करून विचारलं. सकाळी उशीर झाला म्हणून सुई टोचली आणि भाकरी अर्धीच खाल्ली. शाळा दोन किलोमीटर, चालत. मग कवायत. डबा अजून लांब. जॉस्लिनच्या परिचारिकेनं हे ऐकून लगेच मान हलवली असती. जेवणाचं इन्सुलिन टोचायचं तर ताट समोर हवं. पोरगी खाईल की नाही याची खात्री नसेल तर काय करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायचं. एकादशी, महाशिवरात्र, श्रावणी सोमवार, हे इन्सुलिनवरच्या मुलांनी करायचे उपास नव्हेत. घरातल्या मोठ्यांनी तसं एकदा मोठ्यानं सांगितलं की मुलीच्या मनावरचं ओझं उतरतं. टोचून टोचून जिथं गाठ आली तिथं पुन्हा टोचायचं नाही, तिथून औषध कधी कमी लागतं कधी एकदम. आणि पळायचं असेल तर त्याआधी मांडीत टोचायचं नाही.

तरीही साखर उतरणारच, कधी ना कधी. ७० च्या खाली गेली किंवा खुणा दिसल्या, तर मूल गिळू शकतंय तोवर लगेच ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात कालवून द्यायची. दहा किलोच्या बाळाला साधारण ३ ग्रॅम, तीस किलोच्या मुलीला ९ ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. चॉकलेट, बिस्किट, दूध नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा बघायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं आणि जेवायला वेळ असेल तर भाकरी-पोळीचे चार घास. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, घशात अडकतं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. साखर वाढवणारं ग्लुकागॉन नावाचं इंजेक्शन आहे, पण आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून वेळ घालवायचा नाही. या सगळ्यात मुलाला एकटं सोडायचं नाही, "जा, ऑफिसातून साखर घेऊन ये" असं तर अजिबात नाही.

हे एकटदुकट मुलांचं दुखणं नाही. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघानं २०२१ मध्ये केलेल्या अंदाजात वीस वर्षांखालची अशी मुलं जगात सर्वांत जास्त भारतातच होती, सव्वादोन लाखांवर. २०१७ पासून सीबीएसईच्या परीक्षेत मधुमेही मुलांना साखरेच्या गोळ्या, फळं जवळ ठेवायची परवानगी आहे. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानंही २०२३ मध्ये राज्यांना लिहिलं, की या मुलांना वर्गात साखर तपासू द्या, खाऊ द्या. आपल्या शाळेत पालकसभा असेल तेव्हा हे विचारायला गटातल्या दोघी-तिघींनी बरोबर गेलं तर चालेल.

त्या ताई तशाच गेल्या. मुख्याध्यापकांशी बोलल्या, त्या बाईंशीही. बाई रडल्या म्हणे. आता त्यांच्याच टेबलाच्या खणात ग्लुकोज पावडरचा डबा आहे आणि खणाला कुलूप नाही. मुलीच्या दप्तरात एक पुडी, फ्रॉकच्या खिशात एक, आणि तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीच्या दप्तरात एक. पावसाळ्यात पुड्या ओलसर होतात आणि मुंग्या लागतात, अशी ताईंची तक्रार होती. त्यावर मी सांगितलं, पुडी घट्ट पिशवीत बांधा आणि दर महिन्याला, गटाची बैठक असेल त्या दिवशी, बदला. जुनी साखर चहात टाका.